कोको

कोको : (लॅ. थिओब्रोमा ककाओ, कुल–माल्व्हेसी, पूर्वीच्या वर्गीकरणात स्टर्क्युलिएसी अथवा मुचकुंद कुल). दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात मूळ असलेला एक लहान, सदापर्णी वृक्ष. त्याच्या बियांपासून कोको चूर्ण, कोको लोणी व चॉकोलेट तयार करतात. निसर्गात हा वृक्ष उंच वृक्षांच्या छायेत, वर्षभर दमट राहणाऱ्या वनात वाढतो. त्याची पाने, फुले, फळे व बीजे या सर्वांची संरचना या परिस्थितीशी निगडित असल्याने त्याच्या लागवडीचे क्षेत्रही तिनेच मर्यादित केले आहे. भारतात आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांत त्याची प्रामुख्याने लागवड होते. महाराष्ट्रात ती कोकणातील नारळ व सुपारीच्या बागांत अल्प प्रमाणात आढळते. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असलेल्या अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात त्याची व्यापारी लागवड होत नाही. तथापि कोकोच्या कुलातील अनेक वनस्पती त्या जिल्ह्यातील वनांत व शेतांत आहेत. एकाच कुलातील वनस्पती भिन्न हवामानांत कशा घडतात, हे त्यांच्याशी तुलना केल्याने स्पष्ट होते. म्हणून प्रस्तुत नोंदीच्या अखेरीस त्यांचाही परामर्श घेतला आहे.

नाव व इतिहास : स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये या वृक्षाच्या प्रजातीस थिओब्रोमा हे नाव दिले. ‘थिओस’ म्हणजे देव व ‘ब्रोमा’ म्हणजे अन्न या ग्रीक शब्दांवरून ते बनले असून ‘देवांचे अन्न’ असा त्याचा अर्थ होतो. ‘ककाओ’ हे जातिवाचक नाव मध्य अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांतून आले आहे. नामसाधर्म्यामुळे कोको, नारळ (कोकोस), कोकेन हे मादक द्रव्य देणारी कोका आणि कोकणातील कोकम यांच्याविषयी गल्लत होण्याचा संभव असतो. परंतु या चारही वनस्पती भिन्न कुलांतील आहेत. कोकमाच्या बियांतील घट्ट चरबी मात्र काही गुणधर्मांत कोको लोण्यासारखी असल्याने तिचा मिठाई उद्योगात त्याला पूरक म्हणून उपयोग करतात.

एक्वादोरमधील सांता आना–ला फ्लोरिडा या स्थळी सापडलेल्या भांड्यांतील अवशेषांवरून कोकोचा वापर तेथे सु. ५,३०० वर्षांपूर्वी होत होता असे २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले. त्यापूर्वी कोकोला प्रथम माणसाळवण्याचे श्रेय मध्य अमेरिकेला दिले जात असे. माया व ॲझटेक लोक बियांचे कडवट पेय करीत. ॲझटेक राज्यात बियांचा नाण्याप्रमाणेही उपयोग होई. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोको यूरोपात नेला. पश्चिम आफ्रिकेत त्याचा व्यापारी प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झाला. आज कोत दीव्हार व घाना हे दोन देश जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात.

वर्गीकरण : थिओब्रोमा प्रजातीत सु. २० जाती असून त्या सर्व मूळच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहेत. कोकोची रंगसूत्रे २० (दहा जोड्या) आहेत. पूर्वी ही प्रजाती स्टर्क्युलिएसी कुलात समाविष्ट केली जाई. १९९८ पासून जनुकीय पुराव्यावर आधारलेल्या वर्गीकरणात स्टर्क्युलिएसी, टिलिएसी व बॉम्बॅकेसी ही तीन कुले माल्व्हेसी (भेंडी कुल) या एकाच कुलात विलीन करण्यात आली. त्यामुळे कोको, कापूस, भेंडी, अंबाडी व सावर हे आता एकाच कुलातील मानले जातात. बाह्यतः हे वृक्ष, झुडपे व ओषधी परस्परांहून फार भिन्न दिसत असले, तरी सालीतील चिवट धागे, ऊतकांतील बुळबुळीत (श्लेष्मल) द्रव्य, कोवळ्या भागांवरील ताराकृती केस आणि बहुधा तळाशी जुळलेली केसरदले ही लक्षणे त्यांचे नाते दर्शवितात.

मूळ, खोड व फांद्या : लागवडीतील झाड बहुधा ४–८ मी. उंच असते, वन्य झाड त्याहून उंच वाढते. सोटमूळ खोल जमिनीत दीड ते दोन मीटरपर्यंत जाते. परंतु अन्न शोषणाऱ्या बारीक मुळांचे दाट जाळे जमिनीच्या वरच्या २० सेंमी. थरातच, पालापाचोळ्याखाली पसरलेले असते. हा थर सुकल्यास झाडाला सोटमुळाचा फारसा आधार मिळत नाही.

कोकोच्या वाढीची पद्धत विशेष आहे. बियांपासून उगवलेले रोप प्रथम सरळ उभे वाढते व त्यावर पाने सर्पिल क्रमाने येतात. रोप सु. १ ते १·५ मी. उंच झाले म्हणजे अग्रस्थ कळीची वाढ संपते आणि त्या एकाच ठिकाणाहून बहुधा पाच आडव्या फांद्या पंख्याप्रमाणे फुटतात. या रचनेस ‘जॉर्केट’ म्हणतात. आडव्या फांद्यांवरील पाने दोन रांगांत, एकाआड एक असतात. झाडाची पुढील उंची जॉर्केटच्या खालून निघणाऱ्या उभ्या फुटव्यामुळे वाढते. तो काही उंचीवर जाऊन पुन्हा जॉर्केट बनवितो. अशा रीतीने झाड मजल्यामजल्याने वाढते. उभ्या व आडव्या फुटव्यांचे हे वैशिष्ट्य त्यांच्यापासून केलेल्या कलमांतही टिकून राहते; आडव्या फांदीच्या डोळ्यापासून बनविलेले कलम सरळ खोड न धरता झुडपासारखे पसरते. म्हणून डोळा कोणत्या फुटव्याचा घ्यावा याला बागायतदाराच्या दृष्टीने महत्त्व आहे.

पाने : पाने साधी, मोठी (१५–३५ सेंमी. लांब, प्रसंगी अधिक), लंबगोल व टोकदार असून अखंड किनारीची असतात. देठाच्या दोन्ही टोकांशी फुगीर सांधा असतो व त्याच्या साहाय्याने पान प्रकाशाच्या दिशेने वळते. नवी पालवी एका वेळी थव्याने येते. ती फिकट हिरवी ते तांबूस, अत्यंत मऊ व खाली लोंबणारी असते. काही दिवसांनी हरितद्रव्य वाढल्यावर पाने ताठ व गर्द हिरवी होतात. पालवीचे हे लोंबणे कोवळ्या पानांचे तीव्र प्रकाशापासून रक्षण करण्यास उपयुक्त ठरते असे मानतात. त्वग्रंध्रे फक्त खालच्या पृष्ठावर असतात. हवा अतिशय कोरडी झाल्यास, जमिनीत ओल असूनही, ती लवकर मिटतात. त्यामुळे अन्ननिर्मिती मंदावते व पानांच्या कडा करपतात. कोको केवळ मुळांना पाणी देऊन वाढविता येत नाही, हवेतील दमटपणाही त्याला लागतो, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

फुले व परागण : फुले कोवळ्या फांद्यांवर न येता मुख्य खोडावर व जुन्या फांद्यांवर, गळलेल्या पानांच्या जागी बनलेल्या लहान उंचवट्यांवर येतात. या उंचवट्यांना पुष्पतल्प म्हणता येईल. एकाच पुष्पतल्पावर वर्षानुवर्षे फुले येत राहतात. म्हणून फळे काढताना तेथील साल दुखावल्यास पुढील काळातील फुले कायमची कमी होतात. खोडावर फुले-फळे येण्याचा हा प्रकार फणस व उंबर यांच्यामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. दमट वनांतील पुष्कळ वृक्षांत तो आढळतो. जड फळाचा भार कोवळ्या डहाळीऐवजी खोडावर पडतो आणि वनाच्या खालच्या थरात वावरणाऱ्या कीटकांना फुले सहज सापडतात.

फूल द्विलिंगी, नियमित, सु. १–१·५ सेंमी. व्यासाचे व सुगंधहीन असते. संदले पाच, पांढरट अथवा गुलाबी असतात. प्रदले (पाकळ्या) पाच असून प्रत्येकीचा तळभाग अरुंद, मधला भाग जांभळ्या रेषा असलेल्या खोलगट टोपीसारखा व टोक पिवळसर पट्टीसारखे असते. केसरदले दहा, तळाशी आखूड नळीत जुळलेली असतात. त्यांपैकी पाच वंध्य, जांभळी व ताठ उभी राहून किंजलाभोवती कुंपण करतात. उरलेली पाच जननक्षम असून बाहेरच्या बाजूस वाकतात आणि त्यांचे परागकोश पाकळ्यांच्या टोप्यांत दडतात. किंजपुट ऊर्ध्वस्थ, पाच कप्प्यांचा असून त्यात सु. ३०–६० बीजके अक्षाला चिकटलेली असतात.

अशा फुलात पराग एका बाजूस टोपीत दडलेले व किंजल्क दुसऱ्या बाजूस वंध्य केसरदलांच्या आड असल्याने आपोआप परागण होणे कठीण असते. पराग चिकट असल्याने वाऱ्याचाही उपयोग होत नाही. हे कार्य मुख्यतः सेरॅटोपोगॉनिडी या कुलातील, विशेषतः फोर्सिपोमायिया प्रजातीतील, १–३ मिमी. लांबीची चिलटे करतात. ती टोपीत शिरण्याइतकी लहान असतात व त्यांच्या पाठीवरील केसांना पराग चिकटतात. फूल सायंकाळपासून उमलू लागून पहाटे पूर्ण उघडते आणि परागण न झाल्यास एक-दोन दिवसांत गळून पडते. झाडावर वर्षाला हजारो फुले येतात. परंतु बहुधा शंभरात पाचापेक्षाही कमी फुले फळ धरतात.

या चिलटांच्या अळ्या कुजणारा ओला पालापाचोळा, फळांच्या टरफलांचे ढीग, केळीची कुजकी खोडे यांत वाढतात. बाग झाडून स्वच्छ व कोरडी ठेवल्यास चिलटांची उत्पत्ती घटते व फळधारणा कमी होते. याउलट रोगट फळांची टरफले बागेतच राहिल्यास बुरशी पसरते. निरोगी अवशेष झाडाखाली कुजू देणे व रोगट फळे बाहेर काढून नष्ट करणे, असा विवेक म्हणूनच बागायतदारास करावा लागतो.

अनेक झाडे स्वतःच्या परागाने फलित होत नाहीत. इतर बहुसंख्य स्ववंध्य वनस्पतींत परागाची वाढ किंजल्कावर अथवा किंजलातच रोखली जाते. कोकोत मात्र परागनलिका गर्भकोशापर्यंत पोहोचते व तेथे गंतुकांचा संयोग होत नाही. असे फूल तीन-चार दिवसांत गळते. एकाच स्ववंध्य झाडाच्या कलमांनी संपूर्ण बाग लावल्यास ती फुलांनी बहरूनही फळाविना राहण्याचा धोका असतो. म्हणून परस्परांस अनुकूल असलेल्या अनेक वाणांची मिश्र लागवड करतात.

फळ : फळ १५–३० सेंमी. लांब व ८–१० सेंमी. व्यासाचे, लंबगोल, जाड सालीचे असून त्यावर बहुधा दहा उभ्या खाचा असतात. कच्चेपणी हिरवे असलेले फळ पिकल्यावर पिवळे, तर तांबडे असलेले नारिंगी होते. फलनानंतर ते पिकण्यास ५–६ महिने लागतात. आरंभीच्या दोन-अडीच महिन्यांत पुष्कळ कोवळी फळे वाळून काळी पडतात, पण गळत नाहीत. हा सर्वस्वी रोग नसून झाडाला जेवढ्या फळांचे पोषण शक्य आहे तेवढीच राखण्याचा तो एक प्रकार आहे.

पक्व फळ आपोआप तडकत नाही व सहसा गळूनही पडत नाही. माकडे, खारी इ. प्राणी साल फोडून आतील गोड गर खातात व कडू बिया टाकून देतात. अशा रीतीने बीजप्रसार होतो. लागवडीतील बागांत हेच प्राणी उपद्रवी ठरतात.

बीज : फळात बहुधा ३०–४५ बिया पाच रांगांत, पांढऱ्या, आंबटगोड व बुळबुळीत गरात गुरफटलेल्या असतात. हा गर बीजावरणापासूनच बनतो. बी २–३ सेंमी. लांब, बदामासारखे असून त्यातील दोन जाड दलिका अनेक घड्यांनी दुमडलेल्या असतात. दलिकांचा रंग पांढरा ते गर्द जांभळा असतो. वाळलेल्या बीजगरात सु. निम्मा भाग चरबी (कोको लोणी) असून सु. १–२% थिओब्रोमीन व अल्प प्रमाणात कॅफीन ही अल्कलॉइडे असतात. कोको लोणी सु. ३४°से. तापमानास, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा किंचित खाली वितळते. चॉकोलेट हातात घट्ट राहून तोंडात विरघळते ते यामुळेच.

कोकोच्या बीला सुप्तावस्था नसते. फळातून काढल्यावर ते लगेच रुजू शकते. उलट सुकविल्यास किंवा थंडीत ठेवल्यास मरते. सामान्य स्थितीत ते थोड्याच दिवसांत निर्जीव होते. बाराही महिने ओल असलेल्या वनात बीला अनुकूल ऋतूची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे कोरडेपणा सोसण्याची क्षमता त्याच्यात नाही. बिया दूरच्या प्रदेशी पाठविण्यातील पूर्वीच्या अडचणींचे हेच कारण होते.

किण्वन : ताज्या बीला चॉकोलेटचा स्वाद वा गंध नसतो, ते तुरट व कडू असते. बिया गरासह ढिगात, टोपलीत अथवा लाकडी पेटीत ५–७ दिवस आंबवितात. प्रथम यीस्ट गरातील शर्करेचे अल्कोहॉल बनवितात. पुढे लॅक्टिक व ॲसिटिक अम्ल बनविणारे सूक्ष्मजंतू वाढतात आणि ढिगाचे तापमान ४५–५०°से. पर्यंत चढते. उष्णता व अम्ल यांमुळे अंकुर मरतो, दलिकांतील कोशिकांच्या भिंती दुबळ्या होतात व पूर्वी वेगळ्या असलेल्या कोशिकांतील प्रथिने, एंझाइमे व टॅनिनासारखी द्रव्ये एकत्र येतात. या विक्रियांतून स्वादाची पूर्वद्रव्ये निर्माण होतात व पुढे भाजण्याने स्वाद पूर्ण होतो. त्यानंतर बिया ६–७% ओल राहीपर्यंत सुकवितात [⟶ चॉकोलेट].

प्रकार : परंपरेने कोकोचे तीन प्रकार मानतात. ‘क्रिओलो’च्या बिया पांढरट, सौम्य व उत्कृष्ट स्वादाच्या असतात, पण झाड नाजूक असते. ‘फोरास्टेरो’ काटक व भरघोस उत्पन्न देणारा असून जगातील बहुतेक उत्पादन त्याचेच आहे. ‘त्रिनितारिओ’ हा या दोहोंचा त्रिनिदाद बेटावर उद्भवलेला संकर होय. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने कोकोचे दहा नैसर्गिक गट असल्याचे दाखविले. त्यामुळे जुनी विभागणी आता व्यापारापुरतीच सोयीची राहिली आहे.

रोग व किडी : फायटॉप्थोरा प्रजातीतील बुरशीमुळे होणारा फळांचा काळा कुजवा हा भारतातील प्रमुख रोग होय. तो पावसाळ्यात फैलावतो. सुपारीचा कोळे रोगही याच प्रजातीतील बुरशीमुळे होत असल्याने दोन्ही पिके एकत्र असलेल्या बागांत पावसाळ्यापूर्वी बोर्डो मिश्रणाची फवारणी व निचऱ्याची व्यवस्था आवश्यक असते. दक्षिण अमेरिकेतील ‘चेटकिणीचा झाडू’ हा बुरशीरोग १९८९ मध्ये ब्राझीलमधील बाईया प्रांतात पोहोचला व तेथील कोको उद्योग कोसळला. पश्चिम आफ्रिकेत पिठ्या ढेकूणांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ‘सुजलेल्या फुटव्यांचा रोग’ ही मोठी समस्या आहे. रोग, प्रतिकूल हवामान व जुन्या बागा यांमुळे २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनास १०,००० अमेरिकन डॉलरपेक्षा वर गेला होता.

हवामान व जमीन : कोकोला वर्षभर विभागलेला १,५००–२,००० मिमी. पाऊस, सु. २०–३२°से. तापमान व दमट, निवांत हवा मानवते. सलग तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ कोरडा राहिल्यास सिंचन अनिवार्य होते. तापमान १०°से.च्या खाली गेल्यास झाडास इजा पोहोचते. जमीन खोल, सेंद्रिय द्रव्ययुक्त, उत्तम निचऱ्याची व किंचित अम्लीय ते उदासीन असावी. रोपांना पहिली दोन-तीन वर्षे दाट सावली लागते. पुढे ती क्रमाने कमी केल्यास उत्पन्न वाढते, मात्र वाऱ्यापासून आडोसा कायम लागतो.

भारतातील लागवड : ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ मध्ये तमिळनाडूतील कुर्ताळम येथे क्रिओलो कोकोची लागवड प्रथम केली, परंतु व्यापारी लागवड १९६० नंतर केरळ व कर्नाटकात वाढली. १९८० नंतर भाव कोसळल्याने केरळात अनेकांनी झाडे तोडली. मंगळूर येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या कॅम्पको या सुपारी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने कोको खरेदी हाती घेतली व १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकोलेटचा कारखाना सुरू केला. कर्नाटकातील विट्टल येथील केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेचे केंद्र व केरळ कृषी विद्यापीठ येथे सुधारित वाणांवर संशोधन होते.

भारतात कोको हे प्रायः आंतरपीक आहे. २·७ मी. अंतरावरील सुपारीच्या बागेत ते २·७ × ५·४ मी. अंतरावर, तर नारळाच्या बागेत दोन ओळींच्या मध्ये लावतात. झाड तिसऱ्या वर्षापासून फळे देऊ लागते. १ किग्रॅ. वाळलेल्या बियांसाठी सु. २५ फळे लागतात. कोकणात पाऊस भरपूर असला तरी तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो व त्यापुढील काळ जवळजवळ कोरडा असतो. म्हणून तेथे कोको उघड्या डोंगरउतारावर न येता पाट-पाण्याच्या आगरांतच येतो. नारळ-पोफळींची छाया, समुद्रसान्निध्यामुळे दमट राहिलेली हवा, बारमाही शिंपण व झाडांखाली कुजणारी झावळ्या-पानांची रास या गोष्टी एकत्र येऊन मूळ वनाच्या मधल्या थराची प्रतिकृतीच तेथे निर्माण होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती : क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला (१७,०४८ चौ. किमी.) हा जिल्हा पावसाच्या दृष्टीने अत्यंत विषम आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यातील घाटघर–रतनवाडी परिसरात ३,००० मिमी.हून पुष्कळ अधिक पाऊस पडतो, तर मध्य व पूर्व भागांत तो सु. ५००–६०० मिमी. असतो. उन्हाळ्यात तापमान ४०°से.च्या वर जाते व हिवाळ्यात कित्येकदा १०°से.च्या खाली उतरते.

घाटमाथ्यावर पाऊस विपुल असूनही तेथे कोको वाढू शकत नाही. कारण पावसाळ्यानंतर कातळावरील उथळ माती लवकर सुकते, वारा जोराचा असतो व थंडीही कडक पडते. वनस्पतीच्या दृष्टीने पावसाच्या एकूण मानापेक्षा त्याची वर्षातील वाटणी अधिक महत्त्वाची, याचे हे उत्तम उदाहरण आहे. दुसरीकडे प्रवरेच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत बारमाही पाणी मिळते व ऊस, पेरू यांसारखी पिके उत्तम येतात. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यापासून हे सिंचन स्थिरावले आहे. परंतु तेथील भारी काळी जमीन चिकण, अल्कधर्मी व मंद निचऱ्याची असून उन्हाळी हवा कोरडी व वारे उष्ण असतात. पाणी मुळांशी देता येते. पानांभोवतीची हवा व चिलटांना लागणारी ओली रास मात्र उघड्या शेतात राखता येत नाही. चढ्या भावाच्या काळात नव्या प्रदेशांत कोको लावण्याची कल्पना पुढे येते. अशा वेळी झाड जगते की नाही एवढेच न पाहता ते फळ धरते की नाही हे पाहणे आवश्यक ठरते. परसातील आडोशाला, केळीच्या छायेत एखादे झाड जगवता येईल. त्यावरून पिकाचा अंदाज बांधणे योग्य होणार नाही.

आप्त वनस्पती : कोकोचा जवळचा आप्त रुद्राक्षी (लॅ. ग्वाझुमा अल्मिफोलिया) हा असून तोही मूळचा अमेरिकेतील आहे. महाराष्ट्रात तो रस्त्यांच्या कडेस व उद्यानांत लावलेला आढळतो. त्याच्या लहान, पिवळसर फुलांच्या पाकळ्यांना कोकोप्रमाणेच टोपी व तिच्या टोकाला पट्टीसारखा भाग असतो. भिंगाखाली पाहिल्यास नाते तत्काळ ध्यानात येते. परंतु त्याचे फळ लहान, काळे व काष्ठमय, बी कठीण आवरणाचे व सुकूनही टिकणारे असल्याने तो कोरड्या हवेत सहज वाढतो.

मुरुडशेंग (लॅ. हेलिक्टेरिस आयसोरा) हे झुडूप अकोले तालुक्यातील वनांत व सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र आढळते. पावसाळ्यात येणारी तांबडी फुले जुनी होताना निळसर करडी होतात. केसरदले व किंजपुट एका लांब, बाहेर आलेल्या दांड्याच्या टोकावर असतात. मध पिण्यास येणाऱ्या शिंजिरांसारख्या पक्ष्यांच्या डोक्याला पराग लागतात. कोकोतील चिलटांच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे. पाच किंजदले परस्परांभोवती मळसूत्राप्रमाणे पिळलेली असून सुकल्यावर ती उकलतात व बारीक, टिकाऊ बिया बाहेर पडतात. लहान मुलांच्या बाळगुटीतील मुरुडशेंग ती हीच. सालीच्या धाग्यांचे दोर करतात.

कांडोळ (लॅ. स्टर्क्युलिया युरेन्स) हा रुक्ष, खडकाळ उतारांवरील पानझडी वृक्ष आहे. त्याची पांढरट, कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल उन्हाळ्यात पर्णहीन अवस्थेत दुरूनही चमकते. कोरडा काळ पाने टाकून काढण्याची ही रीत सदापर्णी कोकोच्या अगदी विरुद्ध होय. फुलांना पाकळ्या नसतात. पाच पेटिकांचे तारकाकृती फळ दाहक केसांनी आच्छादलेले असते व त्यावरूनच ‘युरेन्स’ (दाहक) हे जातिवाचक नाव पडले आहे. बिया भाजून खातात. खोडातून मिळणारा कराया डिंक औषधे, खाद्यपदार्थ व दंतकवळ्या चिकटविणाऱ्या चूर्णांत वापरतात. कोकोतील गराचे व भेंडीतील बुळबुळीचे श्लेष्मल द्रव्य येथे डिंकाच्या रूपाने विपुल आढळते. मात्र डिंकासाठी खोल व वारंवार घाव घातल्याने हा वृक्ष अनेक ठिकाणी मरून विरळ झाला आहे. उथळ खाचा, दोन खाचांत पुरेसे अंतर व मध्यंतरी झाडास विश्रांती दिल्यास तो दीर्घकाळ उत्पन्न देतो.

जिल्ह्याच्या शेवगाव, पाथर्डी व नेवासे तालुक्यांतील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस हाही, आजच्या वर्गीकरणानुसार, कोकोचा दूरचा आप्त ठरतो. कोकोत केवळ तळाशी जुळलेली केसरदले कापसात जुळून पूर्ण नळी बनते. दोहोंचे मोल बियांतच आहे. कोकोत ते दलिकांतील चरबीत व स्वादात, तर कापसात बीजावरणावरील केसांत व सरकीच्या तेलात साठलेले असते. कापसाचे बी कोठारात वर्षभर टिकते व पेरणीची वाट पाहते. कोकोच्या बीला तशी वाट पाहता येत नाही.